खुनाचा दोष चित्रपटावर टाकता येतो का? लुइझियानातील बायर्स दाव्याचा अभ्यास

चित्रपट पाहून किंवा गाणी ऐकून माणूस खून करतो का, हा प्रश्न एखादा भयंकर गुन्हा घडला की वर येतो, आणि पुराव्याची वाट न पाहता दोन्ही बाजूंनी ठाम उत्तरे दिली जातात. हा आरोप रीतसर न्यायालयापुढे मांडला गेला, प्रतिपक्षाने त्याला उत्तर दिले आणि वरच्या न्यायालयांपर्यंत तो तपासला गेला, अशी प्रकरणे मात्र थोडी आहेत. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात जुलै १९९५ ते जून २००२ या काळात चाललेला ‘बायर्स विरुद्ध एडमंडसन’ हा दावा त्यांपैकी सर्वांत अभ्यासण्याजोगा आहे, असे मला वाटते. आरोप करणाऱ्यांना हवे असते तेवढे जवळपास सगळे या प्रकरणात त्यांच्या हाती होते. गुन्हेगारांनी तो चित्रपट पाहिला होता. चित्रपटाचा विषय गावोगाव फिरत माणसे मारत जाणाऱ्या तरुण जोडप्याचा होता. प्रत्यक्ष गुन्हाही प्रवासात, अनोळखी माणसांवर झाला होता. आणि जखमी स्त्री स्वतः जिवंत राहून न्यायालयात दाद मागत होती. एवढ्या अनुकूल परिस्थितीतही आरोप टिकला नाही. तो का टिकला नाही आणि तो फेटाळला गेल्यावर कोणाचे काय देणे शिल्लक राहिले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

घटना

मार्च १९९५ च्या पहिल्या आठवड्यात ओक्लाहोमा राज्यातील एडमंडसन आडनावाची एक तरुणी आणि तिचा मित्र, दोघेही विशीच्या आतले, तिच्या कुटुंबाच्या मालकीच्या एका आडबाजूच्या घरात राहिले होते. तेथे त्यांनी एलएसडी हे मादक द्रव्य घेतले आणि ऑलिव्हर स्टोन यांनी दिग्दर्शित केलेला ‘नॅचरल बॉर्न किलर्स’ हा चित्रपट पाहिला. ६ मार्चला ते मोटारीने निघाले. मेम्फिस येथे होणाऱ्या संगीताच्या कार्यक्रमाला जाण्याचा त्यांचा बेत होता. सोबत .३८ कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर होते.

७ मार्चला मिसिसिपी राज्यातील हर्नांडो या गावाजवळ तरुणाने एका जिनिंग कारखान्याच्या व्यवस्थापकाला अगदी जवळून डोक्यात दोन गोळ्या घालून ठार केले. या गृहस्थांशी त्या दोघांची ओळख नव्हती, वैर असण्याचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी लुइझियानातील पाँचाटूला या छोट्या गावातील एका दुकानात तरुणी शिरली आणि गल्ल्यावर काम करणाऱ्या बायर्स या बाईंवर तिने गोळी झाडली. बायर्स पस्तीस वर्षांच्या होत्या, तीन मुलांची आई होत्या. त्या वाचल्या, परंतु त्यांचे हातपाय कायमचे लुळे पडले. तरुणीने गल्ल्यातील रक्कमही लुटली.

दोघे ओक्लाहोमाला परतले आणि जून महिन्यापर्यंत मोकळे राहिले. पोलिसांना खबर मिळाल्यावर त्यांना अटक झाली. तरुणीने आपल्या जबानीत सारा दोष साथीदारावर टाकला, तसेच दुकानातल्या बाईंकडे पाहताना आपल्याला त्यांच्या जागी सैतान दिसला, असेही सांगितले. पुढे तरुणाला जन्मठेप आणि तरुणीला ३५ वर्षांची शिक्षा झाली. २०१० मध्ये ती पॅरोलवर बाहेर आली.

प्रकरणाला सुरुवातीपासून जी प्रसिद्धी मिळाली, तिचे एक कारण तरुणीचे घराणे होते. तिचे वडील न्यायाधीश होते, काका राज्याचे महाधिवक्ता होते आणि आजोबा अमेरिकी काँग्रेसचे सदस्य राहिलेले होते. अशा घरातली मुलगी हे कसे करू शकते, या धक्क्याला काहीतरी बाहेरचे कारण हवे होते आणि चित्रपट हे कारण हाताशी होते. दोघांच्याही मागे मादक पदार्थांचे सेवन आणि मानसिक उपचार यांचा इतिहास होता, ही गोष्ट त्या काळातल्या चर्चेत नोंदवली गेली, पण तिच्यावर कोणी फार वेळ थांबले नाही. माझ्या मते इथूनच या प्रकरणाच्या आकलनाची दिशा चुकत गेली.

चित्रपट आणि त्याच्यावरील पहिला आरोप

ऑगस्ट १९९४ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात मिकी आणि मॅलरी हे जोडपे एकामागून एक खून करत जाते आणि दूरचित्रवाणी त्यांना नायक-नायिका बनवते. खुन्यांना तारे बनवणाऱ्या प्रसारमाध्यमांवरचे हे टीकाचित्र आहे, अशी स्टोन यांची भूमिका होती. चित्रपट पाहिल्यावर ही भूमिका खोटी वाटत नाही. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की, ज्या झगमगाटावर टीका करायची तोच झगमगाट हा चित्रपट पडद्यावर मोठ्या ताकदीने उभा करतो, आणि प्रत्येक प्रेक्षक टीकेपर्यंत पोहोचेलच असे नाही. ज्यांना हा चित्रपट किळसवाणा वाटला त्यांची प्रतिक्रिया मला समजते. मात्र एखादी कलाकृती किळसवाणी असणे आणि तिने खून घडवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि या प्रकरणात त्या वारंवार एकमेकींत मिसळल्या गेल्या.

युरोपात हा चित्रपट पोहोचण्याआधीच त्याच्याविषयीच्या बातम्या पोहोचल्या होत्या. आयर्लंडने १९९४ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. ब्रिटनच्या चित्रपट परीक्षण मंडळाने प्रमाणपत्र देणे लांबवले, अमेरिका आणि फ्रान्समधून येणाऱ्या ‘चित्रपट पाहून खून’ अशा बातम्यांची चौकशी केली, त्यांना आधार सापडत नाही असे पाहिल्यावर प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले, आणि १९९५ च्या सुरुवातीला चित्रपट तेथील पडद्यावर आला. पुढे मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे शाळेत घुसून एका माणसाने मुलांचे हत्याकांड केले, तेव्हा वितरकांनी या चित्रपटाची घरगुती व्हिडिओफीत बाजारात आणण्याचे थांबवले. डनब्लेनच्या मारेकऱ्याचा या चित्रपटाशी काही संबंध नव्हता. लोकांच्या मनात तो संबंध सहज जुळेल, एवढे कारण पुरेसे ठरले.

ग्रिशॅम यांचा युक्तिवाद

मिसिसिपीत मारले गेलेले व्यवस्थापक कादंबरीकार जॉन ग्रिशॅम यांच्या परिचयाचे होते. मराठी वाचकांनाही अनुवादांमधून ओळखीचे असलेले ग्रिशॅम लेखक होण्यापूर्वी त्याच परगण्यात वकिली करत असत. एप्रिल १९९६ मध्ये ‘ऑक्सफर्ड अमेरिकन’ या नियतकालिकात त्यांनी एक संतप्त लेख लिहिला. या दोघांनी पूर्वी कधी हिंसा केली नव्हती, चित्रपट पाहिल्यावरच ती केली, असा त्यांचा रोख होता. लेखाचा महत्त्वाचा भाग कायदेशीर होता. चित्रपट हे बाजारात विकायला आणलेले उत्पादन आहे. सदोष मोटार किंवा सदोष वैद्यकीय उपकरण यांमुळे इजा झाली तर उत्पादक भरपाई देतो. मग सदोष चित्रपटामुळे इजा झाली तर स्टुडिओने आणि दिग्दर्शकाने का देऊ नये? अशा एका मोठ्या निकालाने हॉलिवूडचे वर्तन बदलेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

या लेखामागे मित्र गमावल्याचे खरे दुःख होते, आणि त्यातला युक्तिवाद वरवर पाहता सरळ होता, म्हणूनच त्याला उत्तरही नीट दिले पाहिजे. मोटारीचा ब्रेक निकामी होतो तेव्हा अपघातासाठी दुसऱ्या कोणाच्या इच्छेची गरज लागत नाही. दोष आणि इजा यांच्यामध्ये फक्त यंत्र असते. चित्रपट आणि बंदुकीची गोळी यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, जो पाहतो, अर्थ लावतो, ठरवतो, शस्त्र उचलतो, शेकडो मैल प्रवास करतो आणि मग चाप ओढतो. त्या माणसाच्या इच्छेला बाजूला सारल्याशिवाय उत्पादनाची उपमा लागू होत नाही, आणि ती बाजूला सारली की त्याच्या शिक्षेचा आधारही डळमळतो. ज्याने ‘चित्रपटामुळे’ खून केला त्याला जन्मठेप कशासाठी द्यायची, या प्रश्नाचे उत्तर ग्रिशॅम यांच्या युक्तिवादात मिळत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ग्रिशॅम यांच्याच पहिल्या कादंबरीत लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्यांना तिचा बाप न्यायालयाच्या आवारात गोळ्या घालतो आणि वाचकाची सारी सहानुभूती त्याच्या बाजूने वळवली जाते. त्या कादंबरीवरचा चित्रपट जुलै १९९६ मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखानंतर काही महिन्यांनी प्रदर्शित झाला. तो पाहून एखाद्या बापाने कायदा हातात घेतला असता, तर ग्रिशॅम यांनी त्याची भरपाई द्यावी असे म्हणायला मी तयार होणार नाही. पण स्टोन यांच्यासाठी सुचवलेला नियम मान्य केला, तर तो ग्रिशॅम यांनाही लागू करावाच लागेल.

दाव्याचा प्रवास

बायर्स यांनी जुलै १९९५ मध्ये दावा लावला तेव्हा प्रतिवादींमध्ये ती तरुणी, तिचा साथीदार आणि काही विमा कंपन्या होत्या. मार्च १९९६ मध्ये दाव्यात दुरुस्ती करून स्टोन, टाइम वॉर्नर आणि चित्रपटाशी संबंधित इतर कंपन्यांना जोडण्यात आले. हा चित्रपट पाहून लोक असे गुन्हे करतील हे त्यांना माहीत होते, किंवा माहीत असायला हवे होते, किंवा तसे व्हावे असाच त्यांचा हेतू होता, असे आरोपाचे स्वरूप होते. हे तीन पर्याय एका दमात मांडले गेले असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे, आणि दाव्याचा निकाल शेवटी त्या अंतरावरच लागला.

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने अभिव्यक्तीला दिलेले संरक्षण केव्हा संपते, याची कसोटी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या ‘ब्रँडनबर्ग विरुद्ध ओहायो’ या निर्णयात घालून दिली आहे. बोलणाऱ्याचा रोख तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याकडे असला पाहिजे, आणि त्याच्या बोलण्याने तसे कृत्य घडण्याची खरोखर शक्यताही असली पाहिजे. दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तरच शिक्षा किंवा भरपाई. या कसोटीपुढे ‘माहीत असायला हवे होते’ हा निष्काळजीपणाचा आरोप पुरत नाही.

जानेवारी १९९७ मध्ये खालच्या न्यायालयाने चित्रपटकर्त्यांविरुद्धचा दावा प्राथमिक टप्प्यावरच फेटाळला. मे १९९८ मध्ये लुइझियानाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. हा निर्णय चित्रपटाला दोषी ठरवणारा होता असे समजणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी तसे समजून घेतलेही. पण न्यायालयाने एवढेच म्हटले होते की, या टप्प्यावर दाव्यातील कथन खरे धरूनच चालावे लागते, कथनात हेतूचा आरोप आहे, आणि चिथावणीचा हेतू सिद्ध झाला तर घटनेचे संरक्षण मिळणार नाही, म्हणून वादीला पुरावा गोळा करण्याची संधी दिली पाहिजे. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

अपील न्यायालयाने आधार घेतलेले एक प्रकरण इथे समजून घेण्यासारखे आहे. भाडोत्री मारेकऱ्याने खून कसा करावा याच्या तपशीलवार सूचना देणारे एक पुस्तक १९८३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले होते, आणि १९९३ मध्ये मेरिलँड राज्यात एका मारेकऱ्याने त्यातल्या सूचना बारकाईने पाळून तिघांचे खून केले. प्रकाशकावरच्या दाव्यात १९९७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने घटनेचे संरक्षण नाकारले. त्या प्रकाशकाने, आपले पुस्तक गुन्हेगार वापरतील हे आपल्याला माहीत होते व तसा आपला हेतूही होता, असे युक्तिवादापुरते का होईना, पण न्यायालयापुढे मान्य केले होते. पुढे १९९९ मध्ये त्याने तडजोड करून भरपाई दिली आणि पुस्तक मागे घेतले. म्हणजे शब्दांना कधीच जबाबदार धरता येत नाही, असे अमेरिकी कायदा म्हणत नाही. सूचना देणे आणि गोष्ट सांगणे यांत तो फरक करतो.

तोच फरक बायर्स दाव्यात निर्णायक ठरला. वादीच्या वकिलांनी स्टोन यांच्या मुलाखतींमधील विधानांचा आधार घेतला, पण प्रेक्षकांनी बाहेर जाऊन खून करावेत असा हेतू त्यांतून सिद्ध झाला नाही. १२ मार्च २००१ रोजी न्यायाधीश रॉबर्ट मॉरिसन यांनी दावा फेटाळला, आणि जून २००२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. या अंतिम निर्णयातला सर्वांत प्रामाणिक भाग मला असा वाटतो की, त्या दोघांना चित्रपटातील पात्रांचे अनुकरण करण्याची प्रेरणा मिळाली असणे अगदी शक्य आहे, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण चित्रपट कोणालाही तसे करण्यास सांगत नाही किंवा उद्युक्त करत नाही, म्हणून ती चिथावणी ठरत नाही, असे त्याने म्हटले.

प्रेरणा मिळाली असेल, पण दोष नाही

चित्रपटाचा कोणावर काही परिणाम होत नाही, असे चित्रपटाच्या बाजूने बोलणारे काही जण म्हणतात. ते खरे नाही आणि या प्रकरणात तसे म्हणण्याची गरजही नाही. चित्रपटाचा परिणाम होतो म्हणूनच लोक चित्रपट काढतात आणि पाहतात. हिंसा करायला निघालेल्या माणसाला एखादी कथा तिचा पोशाख, तिची भाषा, तिचा मार्ग पुरवू शकते. असे घडले तर चित्रपटाने गुन्ह्याला रूप दिले असे म्हणता येईल, पण गुन्हा घडवला असे म्हणण्यासाठी चित्रपट नसता तर तो घडला नसता हे दाखवावे लागते.

हे दाखवणे किती अवघड आहे ते या चित्रपटाच्याच आकड्यांवरून कळते. अमेरिकेत त्याने सुमारे ५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. तेव्हाच्या सरासरी तिकीटदराने हिशेब केला तर १ कोटीहून अधिक तिकिटे विकली गेली असणार, आणि घरी फीत लावून पाहणारे वेगळे. या सगळ्यांनी तेच पाहिले जे त्या दोघांनी पाहिले. त्या दोघांना इतरांपासून वेगळे करणाऱ्या गोष्टी शोधल्या तर मादक द्रव्याने बिघडलेली जाणीव, पूर्वीपासूनचे मानसिक अस्वास्थ्य, एकमेकांना भरीला घालणारी सोबत आणि हाताशी असलेले रिव्हॉल्व्हर या पुढे येतात. सैतान दिसल्याचे त्या तरुणीने सांगितले ते खरे असेल, तर त्या वेळी तिच्या मनाची अवस्था काय होती याची चौकशी चित्रपटाच्या चौकशीपेक्षा कितीतरी निकडीची होती. रिव्हॉल्व्हरच्या सहज उपलब्धतेवर तर या वादात फारच थोडे बोलले गेले, आणि मला ती या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण बाकी सारे तसेच राहून फक्त शस्त्र नसते, तर ते व्यवस्थापक बहुधा जिवंत असते आणि बायर्स आपल्या पायांवर घरी गेल्या असत्या.

संगीताच्या बाबतीतही हाच मुद्दा न्यायालयांपुढे आला आहे. एप्रिल १९९२ मध्ये टेक्सासमध्ये महामार्ग पोलीस दलातील एका जवानाने फुटक्या दिव्याच्या कारणावरून एक मोटार थांबवली, तेव्हा चालक तरुणाने त्याला गोळी घातली. मोटार चोरीची होती आणि तिच्यात तुपाक शकूर या रॅप गायकाची ध्वनिफीत वाजत होती. उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी त्याच वर्षी या गीतसंग्रहाला आपल्या समाजात जागा नाही असे जाहीर केले. ऐकलेल्या गाण्यांनी आपल्या अशिलाचे मन घडवले, म्हणून त्याची शिक्षा सौम्य करावी, असा युक्तिवाद आरोपीच्या वकिलांनी केला. ज्यूरीने तो मानला नाही आणि फाशीची शिक्षा दिली. मृताच्या कुटुंबाने गायक व कंपनीवर लावलेला दिवाणी दावा १९९७ मध्ये फेटाळला गेला. त्या संग्रहाच्या लाखो प्रती विकल्या गेल्या होत्या, आणि चोरीच्या गाडीसह पकडले जाण्याची भीती हे गोळी झाडण्याचे उघड कारण समोर होते. संगीताचे कारण पुढे करण्यात आरोपीचा स्वार्थ किती स्पष्ट असतो, हेही या प्रकरणात दिसते. बायर्स प्रकरणात असा स्वार्थ वादीचा नव्हता. म्हणूनच तो दावा अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो.

संशोधनाविषयी थोडक्यात सांगायचे तर, प्रयोगशाळेत हिंसक दृश्ये दाखवल्यानंतर काही वेळ आक्रमक प्रतिसाद किंचित वाढतो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. पण त्या प्रतिसादापासून खुनापर्यंतचे अंतर कोणी मोजलेले नाही. २०११ मध्ये व्हिडिओ गेमविषयीच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर निर्णय देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत आणि त्यांत दिसणारे परिणाम लहान आहेत, असेच म्हटले. गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर अनपेक्षित निष्कर्ष देतो. १९९५ ते २००४ या काळात अमेरिकेत ज्या दिवशी हिंसक चित्रपटांना मोठी गर्दी झाली, त्या संध्याकाळी आणि रात्री हिंसक गुन्हे वाढण्याऐवजी कमी झाले, कारण हिंसेकडे झुकणारे तरुण तेवढा वेळ दारूच्या गुत्त्याऐवजी चित्रपटगृहात बसलेले होते. वर्षानुवर्षे हिंसक चित्रपट पाहण्याचा परिणाम या अभ्यासातून कळत नाही. तरीही ‘पाहिले आणि केले’ या साध्या समजुतीला तो धक्का देतो. एकूण समाजाचे चित्रही तसेच आहे: अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे खुनांचे प्रमाण १९९१ मध्ये ९.८ होते, ते २००० मध्ये ५.५ वर आले, आणि त्या काळात पडद्यावरची हिंसा कमी झाली होती असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडील कसोटी

भारतात हा प्रश्न बहुधा उलट्या टोकाने येतो. अमेरिकेतील नुकसानभरपाईचा दावा चित्रपट पाहून झाल्यावर येतो. आपल्याकडे प्रमाणपत्राची व्यवस्था असल्यामुळे ‘हे पाहून दंगल होईल’ ही भीती प्रदर्शनाच्या आधी किंवा प्रदर्शनाच्या तोंडावर न्यायालयात जाते. या संदर्भात महाराष्ट्राशी जोडलेला एक धागा महत्त्वाचा आहे. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तमस’ या मालिकेचे प्रक्षेपण थांबवावे, अशी मागणी १९८८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात झाली. न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरताना नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सांगितलेली कसोटी वापरली: शब्दांचा परिणाम मोजताना विवेकी, खंबीर आणि धीट माणूस डोळ्यांपुढे ठेवावा, दुबळ्या व डळमळीत मनाचा किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणारा माणूस ठेवू नये. १९८९ च्या रंगराजन निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पुढे जाऊन म्हटले की, अभिव्यक्ती आणि तिचा धोका यांचा संबंध दारूगोळ्याच्या कोठारातील ठिणगीइतका थेट असला पाहिजे.

ही कसोटी बायर्स दाव्यालाही लावून पाहता येते. एलएसडीच्या अमलाखालील दोन तरुण हे कोणत्याही कलाकृतीचे माप ठरू शकत नाहीत. त्यांना माप मानले तर सर्वांत अस्थिर प्रेक्षकाला सोसेल तेवढेच सर्वांना दाखवावे लागेल, आणि त्याला काय सोसेल हे कोणालाच आधी सांगता येणार नाही. केंटकी राज्यातील पडूका येथे १ डिसेंबर १९९७ रोजी चौदा वर्षांच्या मुलाने शाळेत तीन मुलींचे प्राण घेतले, तेव्हा चित्रपट व व्हिडिओ गेमच्या निर्मात्यांवर लावलेला दावा फेटाळण्याचा निर्णय २००२ मध्ये अपील न्यायालयाने याच कारणाने कायम केला: एवढी टोकाची प्रतिक्रिया निर्मात्याने अपेक्षित धरावी, असे म्हणता येत नाही.

आपल्या वृत्तपत्रांत ‘दृश्यम स्टाइल खून’ असे मथळे सर्रास दिसतात. मृतदेह लपवण्याची कल्पना चित्रपटावरून सुचली, एवढे त्यातून कळत असेल; मारण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा बातमीच्या खालच्या भागात असते, आणि ते जमिनीचा वाद, पैशांची देवघेव, संशय किंवा घरातला छळ असेच काहीतरी निघते. तपास अधिकाऱ्याने आरोपीच्या मोबाइलमधील चित्रपटांची नोंद जरूर घ्यावी, कारण पूर्वनियोजन सिद्ध करायला ती उपयोगी पडते. गुन्ह्याचे कारण म्हणून ती पत्रकारांपुढे मांडणे हे वेगळे काम आहे, आणि ते आरोपीच्या वकिलाच्या फायद्याचे आहे.

बाईंचे देणे

निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे. तरीही हे प्रकरण तिथे संपत नाही, कारण बायर्स यांनी हा दावा चित्रपटांविषयीचे तत्त्व सिद्ध करण्यासाठी लावलेला नव्हता. हातपाय लुळे पडलेल्या माणसाला रात्रंदिवस शुश्रूषा लागते, उपकरणे लागतात, घरात फेरबदल करावे लागतात, आणि कमावणारी व्यक्ती अंथरुणाला खिळल्यावर मुलांचे शिक्षण कसे करायचे हा प्रश्न उभा राहतो. विशीच्या आतले, तुरुंगात असलेले दोन गुन्हेगार हा खर्च भरून देऊ शकत नाहीत. जाणूनबुजून केलेल्या कृत्याची जबाबदारी विमा कंपन्या सहसा घेत नाहीत. मग ज्याच्याकडे पैसा आहे अशा प्रतिवादीचा शोध सुरू होतो, आणि तो शोध या प्रकरणात स्टुडिओपर्यंत जाऊन पोहोचला. यात वकिलांची चतुराई असेल, पण बाईंची गरज खरी होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये, दावा अपिलात असतानाच, बायर्स कर्करोगाने वारल्या. पुढची साडेचार वर्षे त्यांच्या कुटुंबाने तो चालवला आणि चित्रपटकर्त्यांकडून त्यांना काही मिळाले नाही.

लुइझियानात गुन्ह्यांतील पीडितांसाठी राज्याचा निधी होता आणि आहे. अशा निधीतून मिळणाऱ्या रकमेला कमाल मर्यादा असते, आणि आयुष्यभराच्या शुश्रूषेचा खर्च त्या मर्यादेत बसत नाही. चित्रपटाला दोष देण्याचा मार्ग अनेक पीडित कुटुंबांना का घ्यावासा वाटतो, याचे उत्तर मला चित्रपटांत सापडण्याऐवजी या अपुऱ्या निधीत सापडते. ग्रिशॅम यांच्यासारख्या प्रभावी माणसाने हॉलिवूडला वठणीवर आणण्यासाठी जेवढी शक्ती लावली, तेवढी मिसिसिपी आणि लुइझियानात पीडितांना पुरेशी भरपाई मिळावी यासाठी लावली असती, तर तिचा काही उपयोग झाला असता.

भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५७-अ डिसेंबर २००९ अखेर लागू झाले, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये ती तरतूद आहे. प्रत्येक राज्याने पीडितांसाठी भरपाई योजना ठेवावी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने रक्कम ठरवावी आणि चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असे ती सांगते. गुन्हेगार सापडला नाही किंवा खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्या वारसांना अर्ज करता येतो. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, आणि २०१४ पासून सर्वसाधारण भरपाई योजनाही आहे. खुनाच्या किंवा गंभीर हल्ल्याच्या बातमीत गुन्हा कोणत्या चित्रपटासारखा होता हे पहिल्याच परिच्छेदात छापले जाते. घरातल्यांना या योजनेची माहिती पोलीस ठाण्यात कोणी दिली का, अर्ज दाखल झाला का आणि दोन महिन्यांच्या मुदतीत त्यावर निर्णय झाला का, हे त्याच बातमीदाराने काही महिन्यांनी त्या घरी पुन्हा जाऊन विचारावे आणि तेही छापावे.